पेन्सिल उचल

"अंगठा वर उचला, काका."

"उचललाय की."

"नाही उचललेला."

"मग हे काय आहे?"

"हा डावा. मी उजव्याचं म्हणतोय."

मी उजव्या पायाकडं बघितलं. अंगठा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा लोळत पडला होता. मी दात खाऊन जोर लावला, कपाळावर घाम आला, पण तो काही हलला नाही.

अकरा वर्षं झाली या गोष्टीला. मिरजेतलं मणक्याचं हॉस्पिटल, मंगळवार, सकाळचे अकरा. डॉक्टरचं नाव कुलथे, वय असेल बत्तीस-तेहतीस. मला त्याचा पहिल्या मिनिटापासून राग आला होता. एक तर मला काका म्हणायचा. मी त्याचा काका कधी झालो? दुसरं म्हणजे तो बोलत होता ते खरं वाटत होतं, आणि खरं बोलणारी पोरंटोरं मला कधी आवडली नाहीत.

त्यानं माझी एमआरआयची फिल्म दिव्यावर लावली आणि पेनाचं टोक ठेवलं. "ही गादी सरकून शिरेवर बसलीय. आता नीट ऐका. नुसतं दुखत असतं ना, तर मी तुम्हाला ऑपरेशन सांगितलंच नसतं. सायटिकाचे दहातले आठ-नऊ जण गोळ्या, आराम, व्यायाम यावर बरे होतात. त्यांना मी घरी पाठवतो. पण मागच्या मंगळवारी तुमचा अंगठा अर्धा उचलत होता. आज अजिबात उचलत नाही. पायाची ताकद चाललीय. ती पुरती गेली की परत येईलच असं मी लिहून देऊ शकत नाही."

"हंगाम संपला की करू," मी म्हणालो.

"कधी संपतो हंगाम?"

"मार्चअखेर."

"आज सतरा जानेवारी आहे, काका."

"कॅलेंडर आहे माझ्याकडं."

माझी बायको मालन शेजारच्या स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "करा डॉक्टर. भिंत धरून मोरीत जातात हे. परवा भिंत सुटली तर बादलीत बसले."

"तू गप."

"मी का गप? बादली फुटली माझी."

डॉक्टर हसला नाही, हे त्याचं नशीब. तो म्हणाला, "शिरेला साखर कारखान्याचा हंगाम कळत नाही. गुरुवारी सकाळी करू. दीड-दोन महिने कामावर जायचं नाही. तसं सर्टिफिकेट देतो."

इथंच खरी गोम होती. मी घसा खाकरला. "सर्टिफिकेटवर मूळव्याध लिहा."

"काय?"

"मूळव्याधीचं ऑपरेशन, असं लिहा."

"मी मणक्याचा डॉक्टर आहे."

"मग हर्निया लिहा. अपेंडिक्स लिहा. कंबर सोडून काहीही लिहा."

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कंबर लिहिली तर काय होतंय?"

मी फिल्मकडं बघत राहिलो. मालननं मात्र तोंड उघडलंच. "कारखान्यात यांना पेन्सिल म्हणतात, डॉक्टर."

मी तिच्याकडं असं बघितलं की दुसरी बाई असती तर उठून गेली असती. ही नाही गेली.

"दोन वाजेपर्यंत ओपीडी आहे," डॉक्टर म्हणाला. "बाहेर बसा, ठरवा आणि सिस्टरना सांगा. नाही म्हणालात तरी माझी हरकत नाही, पाय तुमचा आहे. पण मूळव्याध मी लिहिणार नाही."

बाहेर लांबलचक बाक होता. मालन मला तिथं टेकवून म्हणाली, "मी खाली चहाचं बघते. तोवर ठरवा." आणि जाता जाता, "मूळव्याध म्हणे!" असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणून गेली.

पेन्सिलचं सांगतो. मी कारखान्यात हेड टाइमकीपर. हजेरी, पाळ्या, रजा, सगळं माझ्या टेबलावरनं जायचं. एकदा गाळप सुरू झालं की तिन्ही पाळ्या चालतात, माणूस कमी पडून चालत नाही. आणि नेमका तेव्हाच आमच्या भागात कुस्त्यांचा, जत्रांचा, मेव्हण्यांच्या लग्नांचा धडाका सुटतो. मग माणसं आजारी पडतात. तापाला थर्मामीटर लागतो, हात मोडला तर प्लॅस्टर दाखवावं लागतं. कंबरेला काहीच लागत नाही, म्हणून सगळ्यांची कंबर धरायची. "साहेब, मणक्यात गॅप आलाय." कसला गॅप? डोक्यात गॅप! एकेक धटिंगण, उसाची मोळी एका हातानं फेकणारा, माझ्यापुढं येऊन वाकडा उभा राहायचा. मला असल्या माणसांची शिसारी यायची.

म्हणून मी परीक्षा काढली. माझ्या खिशात लाल-निळी पेन्सिल असायची. निळी हजर, लाल गैरहजर. कंबर घेऊन कुणी आला की मी ती पेन्सिल त्याच्या पायाशी टाकायचो आणि म्हणायचो, "उचल." मागं सगळी रांग उभी. उचलली तर मी म्हणायचो, "फिट. पुढचा!" आणि रांग खो खो हसायची. मॅनेजिंग डायरेक्टरनी एकदा सगळ्या खातेप्रमुखांसमोर माझं कौतुक केलं होतं. अठरा हंगाम मी ती परीक्षा घेतली.

आणि एकोणिसाव्या हंगामाला दसऱ्यापासून माझा उजवा पाय पेटला. कुल्ल्यातनं निघायचं ते मांडीच्या मागनं पोटरीत उतरायचं. बसलं की कळ, शिंकलं की कळ. ऑफिसात मी उभ्यानं हजेरी मांडायला लागलो आणि पचनाला बरं असतं म्हणून सांगायला लागलो. लंगडायचो तेव्हा बूट चावतोय म्हणायचो. तीन महिने एकच बूट चावत होता. मालनचा भाऊ म्हणाला, लोहाराकडनं टाचेवर चटका घे. शेजारचे म्हणाले, लसणाचं तेल. त्यांच्या अकलेची मी मनातल्या मनात लाल पेन्सिलीनं नोंद केली. पण ऑपरेशन करायचं म्हणजे रजा, रजा म्हणजे अर्ज, आणि अर्जावर कारण. मोहिते टाइमकीपरची कंबर धरली! मिल हाऊसपासून गोडाऊनपर्यंत लोक पोट धरून हसले असते. त्यापेक्षा पाय गेला तरी चालेल, असं मला खरोखर वाटत होतं. आज लिहिताना हे येडेपणाचं दिसतं. त्या बाकावर ते मला अगदी शहाणपणाचं वाटत होतं.

तेवढ्यात पॅसेजच्या टोकाकडनं आवाज आला. फट. मग थोडं थांबून परत, फट. एक माणूस गुडघा उंच उचलून पाऊल फरशीवर आपटत येत होता. हातात पायाला बांधायची प्लास्टिकची पट्टी होती, तिचा बंद तुटलेला. जवळ आला तेव्हा मी ओळखलं. जालिंदर वाघमोडे. आमच्याकडं मिल हाऊसला फिटर होता. सात वर्षांपूर्वी काम सोडून गावात पिठाची गिरणी टाकली होती त्यानं.

मी फिल्मचं ते भलंमोठं पाकीट घाईघाईनं बुडाखाली सारलं आणि त्याच्यावर बसलो. कळ थेट घोट्यात गेली.

"नमस्कार साहेब," जालिंदर शेजारी टेकला. "इकडं कुठं?"

"पाहुणा ॲडमिट आहे."

"कोण?"

"मालनचा मावसभाऊ."

"काय झालंय?"

"मूळव्याध."

"हितं?" त्यानं पॅसेजभर नजर फिरवली. सगळे कंबरेला पट्टा बांधलेले, काठीवाले. "हितं तर समदे मणकेवाले हायत."

"असेल. मला काय विचारतोस?"

त्याची नजर खाली बाकावर आली. मग म्हणाला, "पाकीट काढा बुडाखालनं, साहेब. फिल्म मोडती."

मी काढलं. दुसरं काय करणार होतो? माझं डोकं भणभणलं, आणि डोकं भणभणलं की मी जे करतो तेच केलं. समोरच्याला घेतलं फैलावर.

"आणि तुझं काय हे? सात वर्षं झाली, नाटक अजून चालूच का?"

"कसलं नाटक?"

"तेव्हा कंबर कंबर करत होतास. आता पाय?"

जालिंदरनं रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तो तुटका बंद बोटाला गुंडाळत बसला. "तुम्ही समद्या कारखान्याला सांगितलं म्हनं, गिरणी काढायची होती म्हणून जाल्यानं कंबरेचं सोंग केलं."

"मग? नव्हतं?"

"तुमच्याकडं रजा मागाय आलतो तो दिवस आठवतोय?"

"चांगला आठवतोय. पेन्सिल उचललीस की तू. उचलून माझ्या टेबलावर आपटलीस."

"आपटली. डोळ्यांपुढं काजवे चमकलं, पन आपटली. तुम्ही म्हणाला, फिट, पुढचा." त्यानं माझा आवाज हुबेहूब काढला. "मग सहा दिवस पाळी केली. सातव्या दिवशी सुटीच्या भोंग्याला मिल हाऊसच्या जिन्यानं उतरत होतो. खाली आलो तर एका पायात चप्पल न्हाई. कवा निसटली कळलंच न्हाई. वर बघतो तर तिसऱ्या पायरीवर पडलीय. घालाय गेलो तर पाऊल खाली लोंबतंय."

मी त्याच्या पावलाकडं बघायचं टाळलं.

"त्याच रात्री हितं आणलं. ह्या डॉक्टरचं मोठं सर होतं तवा. त्यांनी ऑपरेशन केलं. दुखायचं थांबलं. पाऊल काय परत आलं न्हाई. सर म्हनले, आठवडाभर आधी आला असतास तर भौतेक आलं असतं."

आठवडाभर. मी नको असताना हिशेब केला. हजेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला दिवस मोजायला वेळ लागत नाही.

"मग तू उचललीस कशाला?" मी ओरडलोच. समोरची एक म्हातारी दचकली. "एवढं दुखत होतं तर उचललीस कशाला पेन्सिल? कुणी सांगितलं होतं मर्दुमकी दाखवायला?"

"नसती उचलली तर?"

"तर..."

"बोला की साहेब. नसती उचलली तर काय म्हणाला असता?"

"म्हणालो असतो, नाटकी आहे. पुढचा."

"म्हंजे उचलली तर फिट, न्हाई उचलली तर नाटकी. मग रजा कुणाला देत हुता?"

मी आठवायला लागलो. अठरा हंगामांतला एक तरी. एखादा तरी असेल की ज्याच्या कंबरेवर मी विश्वास ठेवला. चेहरे येत होते, वाकडे उभे राहिलेले, घाम आलेले, डोळ्यांच्या कोपऱ्यातनं रांगेकडं बघणारे. आणि मी खुर्चीत बसून दात विचकणारा.

"कुणालाच नाही," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय मी."

एवढ्यात सिस्टर दारातनं खणखणीत ओरडली, "रंगराव मोहिते! कंबरेच्या ऑपरेशनचं ठरलं का तुमचं?"

झालं. मावसभावाची मूळव्याध तिथंच बरी झाली. मी ताडकन उठायला गेलो, पाय लटपटला, आणि खिशातली पेन्सिल टुणकन उडून फरशीवर पडली. घरंगळत जालिंदरच्या पायाशी जाऊन थांबली.

आम्ही दोघांनी तिच्याकडं बघितलं.

"तीच हाय ही?" जालिंदर म्हणाला.

"तसलीच."

"उचला, साहेब."

तो हसत नव्हता. त्यानं पायही बाजूला घेतला नाही. पॅसेजमधली दहा-बारा माणसं आमच्याकडं बघत होती. त्यांना काय माहीत? त्यांच्या दृष्टीनं एका माणसाची पेन्सिल पडली होती. मी म्हणू शकलो असतो, बाबा, नाही जमत. तीन शब्दांचं काम होतं. पण मी रंगराव मोहिते! असला नालायक हट्टीपणा मी दुसऱ्या कुणात बघितला असता तर त्याची सालटी काढली असती.

मी वाकलो. एक हात बाकावर, एक खाली. कळ अशी आली की तोंडातनं कुत्र्यासारखा आवाज निघाला. डोळ्यांतनं पाणी फरशीवर पडलं, मी ते पडताना बघितलं. बोटं पेन्सिलीला लागली, निसटली, परत लागली. आणि मी ती उचलली.

"बघ," मी म्हणालो. "उचलली."

"व्हय," जालिंदर म्हणाला. "मी बी उचलली होती."

मला सरळ होता येईना. पेन्सिल हातात, तोंड फरशीकडं, आणि मी तसाच. दहा मिनिटांपूर्वी माझा अंगठा हलत नव्हता आणि आत्ता मी माझ्याच परीक्षेत फिट ठरलो होतो. त्या वेळी मला माझी जी किळस आली ती शब्दांत सांगता येणार नाही, आणि सांगितली तरी उपयोग नाही. जालिंदरचा पाय माझ्या नाकासमोर होता. पाऊल एका बाजूला कलंडलेलं, नखं झिजलेली. ते मी नीट बघितलं. सात वर्षांत पहिल्यांदा.

त्यानं माझ्या काखेत हात घातला आणि मला वर ओढलं. मालन चहाचे कप घेऊन आली ती तशीच थबकली.

"काय झालं? पडलात?"

"नाही," मी म्हणालो. "सिस्टर, गुरुवारी करू म्हणावं."

"आणि सर्टिफिकेट?" मालननं विचारलं.

"त्याला काय लिहायचं ते लिहू दे."

गुरुवारी ऑपरेशन झालं. रजेचा अर्ज मी स्वतः लिहिला, पडल्या पडल्या, त्याच पेन्सिलीनं. कारण: कंबर. व्हायचं तेच झालं. कारखाना पाच दिवस हसत होता. मिल हाऊसमधनं कुणीतरी निरोपही पाठवला, साहेबांना विचारा, पेन्सिल उचलली का? हसू देत. अठरा हंगामांचं साठलेलं होतं, एका दिवसात थोडंच संपणार?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पट्टा बांधून कामावर गेलो. पहिल्याच दिवशी गोडाऊनचा सर्जेराव आला, वाकडा होऊन. "साहेब, कंबर धरलीय." मागची रांग चिडीचूप. सगळे माझ्या खिशाकडं बघत होते. सर्जेराव हा आमच्या कारखान्यातला नंबर एकचा भामटा. त्या दिवशी पलीकडच्या गावात कुस्त्यांचं मैदान होतं, हे मला माहीत होतं, रांगेला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे सर्जेरावलाही माहीत होतं.

"चार दिवस," मी म्हणालो आणि सही केली.

तो कंबर विसरून ताठ झाला आणि पळाला. संध्याकाळी लोकांनी सांगितलं, मैदानात कुणाच्या तरी खांद्यावर बसून शिट्ट्या मारत होता. मारू दे. असले दहा भामटे खुशाल जाऊ देत. मला मरेपर्यंत सर्जेरावचा राग येणार आहे आणि त्याची रजा मी मरेपर्यंत मंजूर करणार आहे.

त्या रविवारी मी जालिंदरच्या गिरणीवर गेलो. निमित्त म्हणून पिशवीत दोन किलो ज्वारी. गिरणी चालू होती, जालिंदर डोक्यापासून पांढरा झालेला, पायाला नवी पट्टी. आठ-दहा बायका डबे घेऊन रांगेत होत्या. मी रांगेत उभा राहिलो आणि काय बोलायचं ते मनात घोळवत राहिलो. माफी मागायची सवय नव्हती. शब्द जमवायला तीन दिवस लागले होते.

माझा नंबर आला. "जालिंदर," मी म्हणालो, "त्या वेळी मी जे..."

त्यानं हात वर केला. "अंगठा?"

"काय?"

"उजवा. उचला."

गिरणीच्या आवाजात बायकांना काही कळत नव्हतं, पण सगळ्या बघत होत्या. मी चपलेतनं पाय काढला, पिठानं माखलेल्या फरशीवर ठेवला आणि अंगठा उचलला. पुरता नाही, पण उचलला.

जालिंदर खाली वाकून बघत राहिला. बराच वेळ बघितलं त्यानं. मग माझ्या हातातली पिशवी घेतली, स्वतःच्या हातानं ज्वारी वरच्या पेटीत ओतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "फिट."

मी तिथंच उभा होतो. त्यानं माझ्या खांद्यावरनं मागं बघितलं आणि आवाज चढवला.

"पुढचा!"

मागच्या बाईनं डबा पुढं सरकवला, आणि मी बाजूला झालो.